दादाची चंद्रसफर

गेल्या दिवाळींत मानवतच्या आमच्या वाड्याच्या वांटण्या झाल्या. मीं दादाची पुस्तकांची पेटी तेवढी मागून घेतली. भा. रा. भागवतांनीं मराठींत आणलेला ज्यूल व्हर्न तींत होता. लहानपणीं माडीवर कंदिलाच्या उजेडांत दादा तो मोठ्यानें वाची आणि आम्ही भावंडें श्वास रोखून ऐकत असूं.

त्या चांद्रकथेचे मूळ भाग दोन. १८६५ व १८७० सालचे. नऊशें फूट लांबीच्या तोफेंतून तीन वीर फ्लॉरिडाहून चंद्राकडे सुटतात. परवां पुतण्याला वाचून दाखवितांना मीं हिशेब मांडला. नऊशें फुटांतच सेकंदास अकरा किलोमीटरांचा वेग गांठावयाचा, म्हणजे माणसाचें वजन त्या क्षणीं वीस हजारपटींहून अधिक होणार. जिवंत कोण राहील! १९६९ सालीं फ्लॉरिडांतूनच तिघे खरोखर चंद्राकडे निघाले, पण ते अग्निबाणानें. लहानपणीं ही शंका आम्हांला शिवलीही नव्हती.

एक गोष्ट मात्र बिनचूक निघाली. वाटेंत मेलेलें कुत्रें प्रवासी बाहेर टाकतात. तें मागें न पडतां सोबतच येत राहतें.

"काका, तें मागें कां राहिलें नाहीं?" पुतण्यानें विचारलें.

"बाळ, त्याचा वेग आपल्याइतकाच. सोडलें तरी तें बरोबरच येणार."

दादाला जाऊन तीन वर्षें झालीं. पुतण्या त्याचाच. पुढचें प्रकरण त्यानें माझ्या हातून घेऊन मोठ्यानें वाचावयास आरंभ केला. आवाज हुबेहूब बापाचा. मीं डोळे मिटून ऐकत राहिलों.