पेटीत नसलेला सूर

शाळेतल्या पेटीची किल्ली माझ्याकडे असे. संगीताला वेगळे शिक्षक नव्हते. मी दोन परीक्षा दिलेल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर प्रार्थना, स्नेहसंमेलन आणि पंधरा ऑगस्टची गाणी यांचा कारभार माझ्या गळ्यात पडला होता. बदलापूर तेव्हा आजच्यासारखे फोफावलेले नव्हते. उल्हास नदीच्या बाजूला वीटभट्ट्या होत्या. दिवाळी उलटली, की भट्टीवर आलेल्या कुटुंबांची दोन-चार मुले वर्गात येऊन मागच्या बाकावर बसत, आणि पावसाळा तोंडावर आला, की नाहीशी होत. हजेरीपटावर त्यांची नावे आम्ही पेन्सिलीनेच लिहीत असू.

त्यांतला एक मुलगा जव्हारकडचा, वारली. एकदा मधल्या सुट्टीत मी वर्गात शिरले, तर हा पेटीचा भाता हलवीत लगतच्या दोन पट्ट्या एकदम दाबून बसलेला. कानाला असह्य! "काय चालवलंयस हे?" म्हणून दरडावले, तर म्हणाला, "तारपा." मी म्हटले, "मग सूर तरी नीट लाव." त्यावर तो अगदी सरळपणे म्हणाला, "बाई, तो सूर पेटीत नाही. या दोन पट्ट्यांच्या मधी आहे."

मला तो उद्धटपणा वाटला. मी पेटी मिटली, कुलूप घातले आणि त्याला वर्गाबाहेर उभे केले.

आता गंमत पाहा. पेटीचे सूर बांधलेले असतात, श्रुतींचे बारकावे तिच्यात येत नाहीत, याच कारणासाठी १९४० साली रेडिओने तिला दार बंद केले होते, ते १९७१ साली थोडेसे उघडले. हे सारे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळविले होते. तेच एका दहा वर्षांच्या पोराने कानाने ओळखून सांगितले, तेव्हा मात्र त्याला उन्हात उभे केले.

दोन वर्षांपूर्वी अंबरनाथ स्टेशनवर एका मध्यमवयीन गृहस्थाने वाकून नमस्कार केला. तोच तो! अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. भट्टी सुटल्यावर कुटुंब इकडेच राहिले. बारवी धरणाच्या रस्त्याला एका पाड्यावर घर केले. सुट्टीच्या दिवशी लग्नांतून ऑर्गन वाजवतो म्हणाला. "बाई, वाघबारशीला या." त्या वर्षी जमले नाही. २०२५ साली गेले.

आपल्याकडे वसुबारस, त्यांच्याकडे वाघबारस. आपण गाईला ओवाळतो, ते वाघदेवाला नैवेद्य दाखवितात. अर्थात गाय वाचावी म्हणूनच. तारप्याचाही हाच हंगाम. भात पिवळे पडू लागले, की तो वाजू लागतो आणि दिवाळीपर्यंत वाजतो. वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने सांधलेल्या दोन बांबूच्या नळ्या, आत जिभेसारख्या पात्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा गाल फुगवून त्यांतली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. वारली चित्रांतला तो माणसांचा वेटोळा सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या मधोमध जो वाकलेला असतो, तो हा. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी जन्मभर हेच वाजवले आणि २०२६ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या या पाड्यावर तारपा वाजवायचा तो त्याचा बाप. पण म्हाताऱ्याच्या छातीत आता दम उरलेला नाही. भट्टीच्या धुराने म्हणा, वयाने म्हणा. दुसरा वाजवणारा नाही. आणि मुलाने शिकायचे ते वय विटा वाहण्यात गेले.

म्हणून त्याने ऑर्गन आणला. आमच्या भागात विजेवर चालणारे काही स्वस्तात हवे असले, की माणूस उल्हासनगर गाठतो. कुठल्याशा कॅम्पातल्या दुकानात त्याला हा जुना ऑर्गन सापडला. दुकानात भगत कंवरराम यांची तसबीर आहे, म्हणून त्याने सांगितले. सिंधमधल्या या संतगायकाची १९३९ साली हत्या झाली. पण फाळणीनंतर इथल्या छावणीत येऊन पडलेल्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर त्यांची गाणीही आणली. हा ऑर्गन लावून एकच सूर पुन्हापुन्हा चाचपून पाहत होता, आणि दुकानदाराने तासभर त्याला हटकले नाही. मला माझी किल्ली आठवली.

या ऑर्गनला डाव्या अंगाला एक लहानसे चाक असते. ते फिरवले, की सूर थोडा वर किंवा खाली सरकतो. दोन पट्ट्यांच्या मधली जागा सापडते. "पेटीत नव्हता ना बाई, तो इथं निघाला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, याचेच मला अधिक लागले.

यंत्र आले की जुने मेले, असे मीही पुष्कळदा बोलले आहे. आणि लग्नाच्या वरातीत छाती हादरवणाऱ्या त्या भिंतीएवढ्या खोक्यांविषयी माझे मत अजूनही बदललेले नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या योलंगू लोकांचे वाद्यही तारप्यासारखेच न तुटणाऱ्या श्वासावर वाजते, आणि योथू यिंदी या मंडळीने १९९१ साली ते विजेच्या गिटारींशेजारी ठेवून आपल्या हक्काचे गाणे साऱ्या देशाला ऐकवले. आपल्या मुंबईत आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर 'स्वदेशी' या रॅप गाणाऱ्या तरुणांबरोबर गायले. २०१९ सालच्या त्या गाण्याचे नाव 'द वारली रिव्होल्ट'. १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तो उठाव अजून कोणी तरी विसरलेले नाही, एवढे त्या नावावरून मला कळले. रॅप मला कळत नाही. असो.

अंधार पडल्यावर ऑर्गन एका ओट्यावर मांडला होता. सुरू झाला, पोरे नाचू लागली. आवाज हुबेहूब! म्हातारा मात्र मान हलवीत राहिला. शेवटी म्हणाला, "पायांकडं बघत नाय हा." मला कळेना. तेव्हा समजले, की तारपावाला नाचणाऱ्यांबरोबर फिरतो, त्यांचे पाऊल पाहून चाल बदलतो, आणि त्याची चाल बदलली की त्यांचे पाऊल बदलते. ओट्यावर बसून ते कसे व्हायचे?

मग ऑर्गन उचलून अंगणाच्या मधोमध नेला. पण वायर! ती वेटोळ्याच्या आडवी येई आणि पोरी अडखळत. दोघातिघांनी कुदळीने चर खणला, वायर त्यात घातली, माती लोटून पायांनी दाबली. एवढ्यात कोणीतरी माझा हात धरून मलाही साखळीत ओढले.

सुरू करण्याआधी म्हातारा हातात जुना तारपा घेऊन मुलाशेजारी उभा राहिला. छाती भरून त्याने एकच सूर धरला. दोन-तीन पळे. खोकला आला. पुन्हा धरला. मुलगा चाकावर बोट ठेवून कान देत होता.

"वर गेलास."

त्याने उतरवला.

"आणखी."

आम्ही सारे कमरेला हात घालून उभे होतो. पायाखाली ताजी माती मऊ लागत होती.

"आणखी जरासा... हां. आता चल."