पाऊणकी

पूर्ण बेकार माणसाला समाजात काही मान असतो. लोक त्याची चौकशी करतात, कुठे जागा निघाली तर कळवतात, सासूबाई त्याच्यासाठी गुरुवार धरतात. अर्ध्या बेकाराचे मात्र कुणी काही करत नाही. तो सकाळी डबा घेऊन निघतो, म्हणजे नोकरी आहे. अकराला परत दिसला, म्हणजे तब्येत बरी नसेल. तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आमचा मेहुणा सध्या ह्या तिसऱ्या शक्यतेत आहे. भोसरीतल्या साठ-सत्तर माणसांच्या एका कारखान्यात तो लेथवर काम करतो. ऑर्डरी आटल्या आणि ‘ले-ऑफ’ सुरू झाला. "भावोजी, तुम्ही कॉमर्सवाले. किती मिळतील तेवढं काढून द्या," म्हणत तो रविवारी आला. बी.कॉम. झालेला माणूस म्हणजे उभ्या नात्यातला बिनपगारी हिशेबनीस! मी कायदा काढून बसलो.

ही सोय 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात आली आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही बहुतेक तशीच आहे. कारखान्यात निदान 50 कामगार हवेत, वर्षभर सलग नोकरी हवी, माणूस बदली कामगार नको. मग काम नसलेल्या दिवसाला मूळ पगार अधिक महागाई भत्ता, ह्यांचे 50 टक्के मिळतात. मधल्या साप्ताहिक सुट्टीचे काही नाही. सुट्टीच्या दिवशी माणूस हौसेने बेकार असतो, असे कायदा धरून चालतो.

आणखी एक अट. रोज एकदा नेमल्या वेळी कारखान्यावर हजर व्हायचे. म्हणजे काम नाही हे बघायला कामावर जायचे! बसचा कंडक्टर काही अर्ध्या पगाराला अर्धे तिकीट देत नाही. आमच्या शाखेतही हजर राहून काम न करणारे दोघे-तिघे आहेत. त्यांना पगार पूर्ण मिळतो, पण त्यांची गोष्ट वेगळी; ते कायम आहेत.

पुढचे कलम अधिक रंगतदार. हजर झाल्यावर दोन तासांत काम दिले नाही, तर तो दिवस ले-ऑफचा. पण ‘पाळीच्या उत्तरार्धात ये’ म्हणून सांगितले आणि तेव्हा काम दिले, तर ले-ऑफ अर्ध्याच दिवसाचा. दुपारी बोलावूनही काम दिले नाही, तर त्या अर्ध्या दिवसाचा मूळ पगार नि भत्ता पूर्ण.

मेहुण्याचा चेहरा उजळला. "म्हणजे दुपारी बोलवावं आणि काम देऊ नये, हे सगळ्यात बरं!"

"हे कलम मालकाच्या वकिलानेही वाचले असेल," मी म्हणालो.

हिशेब असा निघाला : अर्धा दिवस कामाचा, उरलेल्या अर्ध्याचे अर्धे, एकूण पाऊण. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ होती. ती कशासाठी पाठ करीत, ते आता कळले.

सरकारने 2018 साली विमाधारक कामगारांसाठी बेकारी भत्त्याची योजना काढली. पण ती नोकरी गेलेल्यांसाठी. ह्याची गेलेली नाही, नुसती आखडली आहे. तेव्हा मालकालाच अर्ज केला. ‘विषय : अर्ध्या दिवसांच्या ले-ऑफची भरपाई मिळणेबाबत.’ शेवटी मी ‘आपला विश्वासू’ लिहिले. तो म्हणाला, "आपला लिहू, की अर्धा आपला?"

हसला, आणि मग हळूच म्हणाला, "ताईला एवढ्यात बोलू नका. घरीसुद्धा सांगितलेलं नाही."

तेव्हापासून सकाळी परत पाठवले, की तो आमच्या शाखेत येतो आणि पंख्याखालच्या बाकावर दुपारची वाट बघत बसतो. शिपाई त्याला ठेवीदार समजून पाणी देतो. पगार पाऊण झाला, तरी घराचा हप्ता आणि पोरीची फी ह्यांनी अजून पाऊणकी शिकलेली नाही.

परवा तो बाकावर बसला नाही. सरळ माझ्या काउंटरवर आला आणि एक स्लिप सरकवली. पोरीच्या नावाची रिकरिंग मोडायची होती. मुदतीला चौदा महिने बाकी होते.

"वेळ लागेल का, भावोजी? दीडला हजर व्हायचंय."

मी सही ताडून बघितली, शिक्का मारला, साहेबांची सही आणली. आमच्या बँकेच्या इतिहासात पहिल्यांदाच एक काम पाच मिनिटांत झाले.