येते का रे ती?

जळगावला मित्राच्या खोलीवर मी एक खेळ शिकलो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत निघालेला. फासे टाकायचे, पण खरा खेळ बोलण्याचाच. माझे पात्र होते झाडपाला देणारी एक म्हातारी. चालणे-बोलणे मी तिला असोद्याच्या माझ्या आजीचे दिले होते.

तिसऱ्याच बैठकीत ती मेली. मित्रांनी लगेच पाचशे मोहरांचा हिरा काढला. मरून दहा दिवसांहून अधिक झाले नसतील तर मंत्राने माणूस उठवता येतो. मात्र आत्म्याची इच्छा हवी, असा नियमच आहे. खेळ चालवणाऱ्याने मला विचारले, ‘येते का रे ती?’

देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्यांनी कचाला पुन्हा पुन्हा उठवले. त्याला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. (त्याला विद्या हवी होती, तो ‘हो’च म्हणाला असता.) आम्हीही आजीला विचारले नव्हते. दवाखान्यात ती नाकातली नळी ओढायची, ‘मले घरी ने रे’ म्हणायची. तिचा उजवा हात मी घट्ट धरून ठेवत असे.

‘नाही येत,’ मी म्हणालो.

मित्र चिडले. औषधपाणी करणारे आमच्यात दुसरे कोणी नव्हते.