फोनचा आवाज आणि रानडुकरं

मक्याची कणसं दुधात आली, म्हणजे रानडुकरांचा सीझन सुरू. आम्ही जुना फोन वायरनं अँप्लिफायरला जोडून रात्रभर भोंग्यावर कुत्र्यांचं भुंकणं वाजवतो. दोन रात्री दणक्यात चालतं, तिसऱ्या रात्री आवाज आपोआप खाली. परवा बांधाकडचा सगळा मका लोळवला डुकरांनी.

कारण असं, वायर लागली की फोनला वाटतं हेडफोन कानात आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मोठ्या आवाजाचे 20 तास मोजले जातात. ते भरले की फोन स्वतःच आवाज कमी करतो आणि स्क्रीनवर विचारतो, वाढवू का? रोज रात्री दहापासून 8 तास धरा, तिसऱ्या रात्री बरोबर दोनला 20 भरतात. तेव्हा मक्यात 'ओके' कोण दाबणार? डुक्कर?

कानांची काळजी बरोबरच आहे, ट्रॅक्टरवर हेडफोन लावणाऱ्या पोरांना ती हवीच. पण इथं कान कुणाचा आहे राव!

तोवर, अँप्लिफायरला पेनड्राइव्हची सोय असेल तर रेकॉर्डिंग त्यावर घ्या. नाहीतर फोन कमी ठेवून अँप्लिफायरचं बटण वाढवा, थोडी खरखर येते. आणि आवाज बदलत राहा, एकाच भुंकण्याला डुकरं लवकर सरावतात.