रंग बघायचेत? मग होळीला या!

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या मित्रमंडळींचे फोटो यायला लागतात. तिकडे व्हरमाँटचे लालभडक मेपल आणि इकडे आपण ऑफिसात जळफळतोय! पण घाईघाईने वीकेण्डचा बेत आखू नका. आपल्याकडे तेव्हा पाऊस नुकताच सरलेला असतो, रान हिरवंगार. तिकडची झाडं हिवाळ्याआधी पानं गाळतात. आपली गाळतात ती कोरड्या महिन्यांत, पाणी वाचवायला. म्हणजे आपला ‘फॉल’ फेब्रुवारी-मार्चमध्ये!

तेव्हा सरळ वसई गाठा. गावातल्या होळीच्या बाजारात (हे जागेचं नाव बरं का!) केळी, मिळाली तर सुकेळी घ्या. मग वसई रोड स्टेशन आणि तिथून रिक्षाने पूर्वेला, हायवेपलीकडे तुंगारेश्वर. २००३ साली अभयारण्य झालेलं हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं जंगल. साग बोडका झालेला, पळस फुललेला आणि कुसुंबाची कोवळी पालवी चक्क तांबडी! मेपलचं पान गळण्याआधी लाल होतं, कुसुंबाचं फुटतानाच.

उजाडताच निघा, ऊन चढायच्या आत परता. भरपूर पाणी न्या. महाशिवरात्र टाळा, मंदिरात तुफान गर्दी असते. आणि मुख्य म्हणजे सिगरेट, चूल, शेकोटी सगळं बंद. पायाखालच्या त्या कुरकुरीत पाचोळ्यात एक ठिणगी पडली तर वणवा लागतो आणि पुढच्या वर्षीची रोपं तिथेच जळून जातात. होळी गावात पेटवा, रानात नको!