वत्सगुल्माची वाट

प्रवासाला निघताना फराळाचे काय न्यावे याबद्दल आमच्या घरात कधी मतभेद होत नाही. भांडण होते ते गाण्यांवरून. सौभाग्यवतींना नाट्यगीते हवीत, मला जुनी चित्रपटगीते हवीत आणि कन्येला जे हवे असते त्याला गाणे म्हणावे की नाही, यावर आम्हा दोघांचे प्रथमच एकमत होते! जूनमध्ये अकोल्याहून मोटार ठरवून आम्ही वाशीम जिल्ह्यात निघालो, तेव्हा पातूर येईपर्यंत हा वाद चालला होता. गाडी चालवणारा तिशीतला तरुण बिचारा मुकाट्याने ऐकत होता. त्याला काय आवडते, हे विचारायचे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

पातूर सोडून घाटाला लागलो आणि गाडी थांबली. समोर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी. दरवर्षी आषाढीच्या आधी महिनाभर ती निघते आणि पातूर, मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी वाशीम जिल्हा ओलांडून मराठवाड्यातून पंढरपूर गाठते. शुभ्र पोशाखातले शेकडो वारकरी, खांद्यावर पताका, हातात टाळ. कन्येने आपण होऊन मोबाइल बंद केला. आम्ही काचा खाली केल्या. पावसाने नुकत्याच भिजलेल्या मातीचा वास आणि मृदंगाचा ठेका एकदमच आत आला.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमची गाणी वाट विसरण्यासाठी होती. यांची वाट चालण्यासाठी. टाळ पडतो आणि पाऊलही पडते. चढ लागला की लय जरा सैल होते, सपाटी आली की पुन्हा धावते. संगीत दिग्दर्शक म्हणून इथे रस्ताच काम करतो म्हणा ना!

दुपारी वाशीमला पोचलो. १९९८ साली अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, म्हणून कोणी त्याला नवखा समजू नये. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या उत्तम लेण्यांना ज्याच्या काळात बहर आला, तो हरिषेण इथलाच राजा. बालाजीच्या देवळाच्या ओवरीत बसून मी मंडळींना राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तली कथा सांगितली. हजारएक वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घरातून निघाला. त्याला वळवण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि त्याच्या मागे धाडली. पूर्वदेश, पांचाल, अवंती असा तो पुढे आणि ही मागे. वाटेत प्रत्येक देशी तिने नवा वेश केला, नृत्य केले, वाद्ये वाजवली. स्वारी हळूहळू विरघळत गेली आणि विदर्भात येऊन पुरती वश झाली. दोघांचा गांधर्वविवाह झाला तो या वत्सगुल्मात!

“म्हणजे नवऱ्याच्या मागे गात-नाचत अर्धा देश तिनेच फिरायचा,” सौभाग्यवती म्हणाल्या. राजशेखरावर असा आक्षेप कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

वाशीमहून मंगरूळपीरमार्गे मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीकडे निघालो. ही बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे देऊळ इथे आहे. रामनवमीला मोठी यात्रा भरते. रस्ता आणि गाणे यांचे नाते या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून बंजाऱ्यांचे तांडे देशभर हिंडत. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर जगल्या, आणि १८०३ सालच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीही त्यांच्यावरच विसंबून होता. पुढे आगगाडी आली, बैलांच्या गळ्यातल्या घंटा थांबल्या आणि तांडे माळामाळावर स्थिरावले. गाणी राहिली. होळीची लेंगी राहिली, नगारा राहिला. पोहरादेवीला २०२४ साली बंजारा संस्कृतीचे संग्रहालय उघडले. त्याचे नावच नगारा भवन.

ते पाहून बाहेर आलो, तो आमचा सारथी गाडीला टेकून काही गुणगुणत होता. आम्हांला पाहून गप्प झाला. सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा लाजत म्हणाला, “आमच्या बोलीतलं हाये काकू. ढावलो. पोरगी सासरी जाताना रडत रडत म्हनते ते.”

“मग सकाळपासून का नाही म्हटलंत?”

“तुमची गानी चालू होती ना.”

त्याला पुढचे कडवे आठवेना. त्याने तांड्यावर आईला, म्हणजे त्यांच्या बोलीत याडीला, फोन लावला. बाभळीखाली गाडी उभी होती. त्या लहानशा यंत्रातून एका म्हातारीचा आवाज आला. सूर थरथरता, शब्द आम्हांला परके. पण आईला सोडून जाणे कोणत्या भाषेत कळत नाही? कन्येने हळूच विचारले, “आजींना चालेल का, मी हे ठेवून घेतलं तर?” आजींनी खोकून घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून गाणे धरले.

परतताना तो मोकळेपणी बोलू लागला. याडीला असली कितीतरी गाणी येतात, त्याला चारदोन, तीही अर्धी. मुलगी वाशीमला शाळेत जाते. तो घरच्या बोलीत विचारतो, ती मराठीत उत्तर देते. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. म्हातारीच्या गळ्यात आहे तेवढेच.

अकोल्याला उतरलो, तेव्हा रात्र झाली होती. वाटेत कोणी गाणे लावले नव्हते. कन्येने ध्वनिमुद्रण त्याच्या मोबाइलवर पाठवले आणि म्हणाली, “आता हे तुमच्या मुलीला पाठवा हं, दादा.”

त्याने मान हलवली. “पाठवत नाही, ताई. फोनवर ती पोरगी पुढं सरकवून देते. रविवारी तिले तांड्यावरच नेतो.”