क्रॉफर्डला जाऊ, चिप्स आणू!

दिवाळीत तीन पत्तीला काड्यापेटीच्या काड्या मांडून कंटाळलात? मग शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरा आणि १८६९च्या क्रॉफर्ड मार्केटसमोरून अब्दुल रेहमान स्ट्रीटमध्ये शिरा. हातगाड्या चुकवत, खेळण्यांच्या आणि गिफ्टच्या दुकानांत पोकर चिप्स विचारत फिरायचं. 'साडेअकरा ग्रॅम, एकदम कसिनोवाला माल!' असं कुणी म्हणालं, तर हसून ऐकून घ्या. ते वजन आतल्या धातूच्या चकतीचं. कसिनोतल्या क्ले चिप्स बहुधा त्याहून हलक्याच असतात.

पाच-सहा जणांना ३०० चिप्स पुरतात. ५०० म्हणजे नुसत्या चिप्सच पावणेसहा किलो, आणि परत लोकलनेच यायचंय ना?

एक मात्र ऐका, आकडे छापलेल्या घेऊ नका. कोऱ्या चिपचा भाव दरवेळी आपण ठरवतो. महिनाअखेरीला लाल म्हणजे एक रुपया, बोनसनंतर हवं तर पाच. टेबलावर '१००' दिसायला लागले, की ग्रुपमधला एखादा ईएमआयवाला काहीतरी कारण काढून यायचाच बंद होतो. आणि त्याच्याशिवाय कसली आलीय मजा?

बॅग जड वाटतेय? मार्केटसमोरच बादशाहचा फालुदा आहे.